तीन मिलिमीटर

“नाना, यंदाचा आकडा चुकलाय,” लीलाधर म्हणाला. जळगावहून आलेला हा तरुण इंजिनियर सकाळपासून रजिस्टरं उघडून बसला होता. “त्र्याऐंशीपासून आठ वर्षं मे महिन्यात रोज अकरा मिलिमीटर पाणी उडतं. आणि यंदा एकदम चौदा?”

“चौदा उडालं म्हणून चौदा लिहिलं,” शालिग्राम म्हणाला.

चोपड्याजवळच्या त्या सरकारी फार्मवर हवामानाच्या नोंदी शालिग्राम घ्यायचा; राहायचाही तिथंच. कुंपणात चार फूट रुंदीचं पसरट भांडं होतं. आत एक टोकदार काटा. उन्हानं पाणी उडून काट्याखाली जायचं. सकाळी मापानं ओतून ते परत काट्याला लावायचं. जितकं ओतलं, तितकं काल उडालं. काम सोपं, पण रोजचं. माघात बायको गेली, यशोदा; फार्मवर सगळ्यांची अक्का. त्या सकाळीही त्यानं आधी काटा पाहिला, मग स्मशानात गेला.

लीलाधरला केळीचा तक्ता करायचा होता. ठिबकवर कोणत्या महिन्यात झाडाला किती लिटर द्यायचं, त्याचा. असं भांडं तालुक्यात हे एकच. बाकी ठिकाणी नुसता थर्मामीटर. म्हणून दिवसाचं जास्तीत जास्त आणि कमीत कमी तापमान, एवढ्यावरून किती पाणी उडेल याचं गणित त्यानं बसवलं होतं. ते तो या रजिस्टरशी ताडून पाहत होता. हिवाळ्यात दोन्ही आकडे जुळत होते. मे महिन्यात गणित दर वर्षी चौदा सांगत होतं.

“म्हणजे माझा यंदाचा आकडा बरोबर,” शालिग्राम म्हणाला.

“एका वर्षासाठी आठ वर्षं खोटी कशी म्हणू? मी गणितच खाली आणतो. यंदा तुमचं मन ठिकाणावर नव्हतं, कोणीही समजून घेईल. भांडं गळत होतं म्हणून लिहून टाका.”

“गळत असतं तर फाल्गुनातही गळलं असतं, तेव्हाचा आकडा तर जुळतोय. आणि साहेब, मन कुठंही असो, काटा मी डोळ्यांनी बघतो.”

ताईबाई कुंपणातलं गवत काढत होती. फार्मवरची जुनी मजूर. ती विळा ठेवून जवळ आली.

“नाना, राग नका मानू. उन्हायामा अक्का रोज दुपारले तीन तांब्या पानी टाके त्यामा. तुमीन जेवीसन आडवा पडनात का मंग. म्हने, त्यासनी कंबर दुखस, सकायले तितलंच कमी भरनं पडी. माले म्हने, त्यासले सांगू नको.”

शालिग्रामनं मनात हिशेब केला. तीन तांबे म्हणजे तीन लिटर. त्या भांड्यात तीन लिटर ओतले, की पाणी जवळजवळ तीन मिलिमीटर चढतं. आठ वर्षं तो कमी ओतत होता आणि कमी लिहीत होता.

“नाना,” लीलाधर हळूच म्हणाला, “हे इथंच राहू द्या. वरचे लोक तांब्याचं ऐकणार नाहीत. तुम्ही घरी बसून आकडे लिहिलेत म्हणतील. सगळं नाव जाईल.”

“आणि तक्ता अकरावर केला तर?”

“ऐन मेमध्ये केळीला पाचवा हिस्सा पाणी कमी पडेल.”

“मग आठही उन्हाळे बाद करा.”

“कारण लिहावं लागेल. मी काय लिहू?”

“तुम्ही नका लिहू. रजिस्टर माझं आहे.”

शालिग्रामनं चष्मा पुसला. त्र्याऐंशीचं रजिस्टर ओढलं आणि उन्हाळ्याच्या पानावर आडवी रेघ मारली. मग चौऱ्याऐंशीचं. नव्वदपर्यंत आठ रेघा मारून झाल्या, आणि प्रत्येक रेघेसमोर शेऱ्याच्या रकान्यात त्यानं तेच तीन शब्द लिहिले : पत्नी हयात होती.