पडद्याची खालची किनार

"पुढे सहा खुर्च्या रिकाम्या आहेत. शेवटी आम्हीच चढलो, तेव्हा मोजल्यात," म्हातारा कारागीर म्हणाला. "हिला तासभर पाय लांब करू द्या. एवढंच मागतोय."

एअर होस्टेस हसली. तिसऱ्यांदा तेच हसू. "काका, तुमचं तिकीट बिझनेस क्लासचं नाही ना."

शेजारी त्याची बायको गुडघा धरून बसली होती. ऑपरेशनला तीनच आठवडे झाले होते, पण लेकीला बाळ झालं म्हटल्यावर ती कुणाचं ऐकते! आता समोरच्याने खुर्ची मागे पाडली होती. पाय दुमडलेलाच. गुडघा सुजून त्यावरचा पट्टा मांसात रुतला होता आणि अजून पाच तास जायचे होते.

म्हाताऱ्याचं डोकं तापलं. पडद्यापलीकडे काय आहे, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. अठ्ठावीस वर्षं त्याने विमानांच्याच गाद्या आणि पडदे शिवले होते. पुढची खुर्ची सपाट होऊन पलंग होते. पायाला वेगळी गादी. उशीत पिसं, मागच्यांना फोमचा तुकडा. पुढच्या कातड्याला दुहेरी टीप, मागच्या कापडाला एकेरी.

"पोरी, या खुर्च्या मी शिवल्यात. चांगल्या सूचनेबद्दल प्रशस्तिपत्रक दिलंय मला तुझ्या कंपनीने. घरी भिंतीवर टांगलंय."

"अहो, बसा ना," बायको कुजबुजली. "लोक बघतायत."

"बघू देत! पुढच्यांनीही बघावं. तुला कण्हताना पाहिलं, तर एखादा तरी म्हणेल, या आजी, बसा इथे. माणसंच आहेत ना ती?"

तो तरातरा पुढे गेला. पडदा बाजूला सारला. आत एका रिकाम्या पलंगावर कुणाची तरी बॅग आडवी झोपली होती. कुणी मान वर करण्याआधीच पडदा हातातून निसटला आणि आपल्याच वजनाने मिटला. त्याने पुन्हा सारला. पुन्हा मिटला.

त्याने वाकून खालची किनार चाचपली. दुमडीत बारीक साखळी शिवली होती. दर वितीवर एक आडवा टाका. कंपनीने त्याच्याकडे पाठवलेल्या नमुन्याच्या पडद्याला ही साखळी नव्हती.

त्याची बोटं तिथेच थांबली.

तो परत येऊन गुमान बसला. खुर्चीचा पट्टाही लावला.

"काय झालं हो? आता का गप्प?"

"पडद्याच्या तळाला साखळी शिवलीय. हवेने हलू नये म्हणून. मागची माणसं पुढच्यांना दिसू नयेत म्हणून."

बायको आता मात्र भडकली. सगळी कळ तोंडात आली. "कुण्या मेल्याच्या डोक्यातून निघालं हे? त्याच्या बायकोला आणून बसवा म्हणावं या खुर्चीत!"

"बसवलीय," म्हातारा म्हणाला.