होर्न्याकची दोरी

"आज तुझी दोरी ढिली पडणार, मिखल," शेजारी उभा असलेला युराय म्हणाला.

"कुणाच्या पोरासाठी माझी दोरी ढिली पडत नाही," मिखल होर्न्याकने सुनावलं आणि टोक मुठीला गुंडाळलं.

चौथ्या कोळसा खाणीच्या लोकांनी पाळी सुटल्यावर राबून, खाणीतल्याच लाकडांनी हे बेसबॉलचं मैदान उभारलं होतं. कुंपणापुरती लाकडं उरली नाहीत, म्हणून मागच्या अंगाला दोरी आली. बाकांवर न मावणारी माणसं तिच्यामागे उभी राहायची. आपला फलंदाज आला की मिखल ती गुपचूप दहा पावलं पुढे घेई, पाहुण्यांचा आला की मागे. पाहुण्यांचा कुणी झेल घ्यायला तिथवर धावलाच, तर गर्दी त्याला खांद्याने धक्का द्यायची. वीस वर्षं हे चाललं होतं आणि पंचांनीही ते पचवलं होतं.

आज पाहुणे सातव्या खाणीचे होते, आणि मिखलचा मुलगा ओंद्रेय त्यांच्याकडून खेळत होता. खेळतो म्हणून सातवीने त्याला जमिनीवरचं काम दिलं होतं. बापासारखं कोळसा खोकत झिजणं त्याचं टळलं होतं, पण चौथीच्या वस्तीत त्याचं नाव कुणी घेत नव्हतं.

शेवटचा डाव. चौथी एका धावेने मागे, दोन खेळाडू पळायच्या तयारीत. झेल घेतला गेला तर सामना सातवीचा, चेंडू जमिनीवर पडला तर चौथीचा.

चेंडू उंच उडाला आणि दोरीकडेच आला. धावत येणाऱ्याचं तोंड बघायची सवय मिखलला नव्हतीच, तो फक्त चेंडू बघायचा. बूट जवळ वाजले तसा त्याने खांदा घातला. येणारा दोरीपलीकडे आडवा झाला आणि मिखलची खिळे ठोकलेली टाच त्याच्या मनगटावर पडली. हाड मोडल्याचं मिखलला पायाखाली कळलं.

मग गर्दी तुटून पडली. लाथा, बुक्के, एक बाटली.

"हाण त्याला. घरचं खाऊन सातवीचा झालाय," गर्दीतून कुणी ओरडलं.

मिखलने खाली पाहिलं. ओंद्रेयचा ओठ फाटला होता, एक डोळा मिटला होता. बाप पोरावर आडवा पडला. चार लाथा त्याच्या बरगड्यांत बसल्यावर कुणीतरी ओळखलं, "अरे थांबा, हा आपला मिखल."

पंच ग्रिफिथने दोघांना ओढत मैदानात आणलं. गर्दी सवयीने दोरीमागे थांबली. चेंडू गवतात पडला होता.

"मला गर्दीत काही दिसलं नाही," ग्रिफिथ धापा टाकत म्हणाला. "मिखल, तू चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारा माणूस. सांगशील तो निकाल. झेल होता का?"

"नीट आठवून सांग रे," पलीकडून युराय म्हणाला. बाटली त्याच्याच हातात होती.

"बाबा, नाही म्हणून टाका," ओंद्रेय पुटपुटला. "मारतील तुम्हाला."

मिखल उठून उभा राहिला.

"झेल होता. चेंडू घट्ट धरला होता त्याने. हात मी मोडला."

दोरी केव्हाच त्याच्या मुठीतून सुटून गवतात पडली होती. वीस वर्षांत त्याला विचारल्याशिवाय ती कुणी ओलांडली नव्हती.

युरायने बाटली घट्ट धरली आणि दोरी ओलांडून पाय पुढे टाकला.