पहिला मान

१९५६ साल. चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर, तेव्हा मध्य प्रदेशात होतं. बल्लारशाच्या लाकूड डेपोतून निवृत्त झालेले कारकून रामाजी फोटो काढायला शिकत होते. जटपुरा दरवाजाजवळ बाबुलालच्या स्टुडिओवर पाटी लागली होती, ‘पाच धड्यांत फोटो काढणे शिका’. दोन महिने ओट्यावर बसून कंटाळलेले रामाजी ती वाचून सरळ आत शिरले होते. आज चौथा धडा, माणसाचा चेहरा. धडा रामाजींच्याच अंगणात होता.

चेहरा त्यांच्या बायकोचा, इंदिराबाईंचा. शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांचा एकही फोटो निघाला नव्हता. सकाळपासून त्यांनी अंबाडा तीनदा सोडून बांधला होता.

बाबुलालने तीन पायांवर मोठा कॅमेरा उभा केला, मागे काळं फडकं टाकलं आणि एक लाकडी चौकट पुढे धरली.

“याच्या दोन बाजूंले दोन काचा आहेत, रामाजीभाऊ. एका काचेवर एक फोटो. झाला की त्या बाजूले खडूची फुली मारा. त्याच काचेवर दुसरा घेतला, त पहिला गेलाच समजा.”

“दोनच काचा?”

“शिकणाऱ्याले दोन लई झाल्या.”

दोन्ही आपल्याच, असं धरून इंदिराबाई खुर्चीवर बसल्या.

“गळ्यातला टाक दे,” रामाजी म्हणाले.

“काऊन?”

“पहिला तिचा घेतो.”

टाक म्हणजे दोन पेरांएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठशाने उठवलेली एक उभी बाई. रामाजींची पहिली बायको गोकुळा बाळंतपणात गेली. तिच्या नावाचा हा टाक सासूने लग्नाच्या दिवशीच इंदिराबाईंच्या गळ्यात बांधला. तेव्हापासून नवं लुगडं असो की मोसमातला पहिला आंबा, आधी टाकाला, मग इंदिराबाईंना.

“सवतीचा फोटो काढाले शिकून राह्यले का तुमी?”

“मी का नवीन सांगतो? नव्या वस्तूचा पहिला मान तिचा. तीस वर्षं तूच त पाळतेस.”

पाळत होत्या. त्यांनी दोरा सोडला.

भिंतीवर काळी घोंगडी लावून रामाजींनी त्यावर टाक अडकवला. कॅमेरा अगदी जवळ नेला आणि फडक्यात डोकं घातलं.

“अरे बाबुलाल, ही त उलटी दिसते! डोकं खाली, पाय वर.”

“तशीच दिसते, भाऊ. कागदावर सरळ होते.”

“आहा. पाहा, कशी भरून आली!” फडक्याखालून रामाजी म्हणाले. तीस वर्षांत हा आवाज इंदिराबाईंनी ऐकला नव्हता. मग ते बाहेर आले, भिंगावरचं झाकण काढून त्यांनी सावकाश सहापर्यंत मोजलं आणि झाकण लावलं. चौकटीवर खडूची फुली मारली.

इंदिराबाईंना खुर्चीसकट निंबाच्या सावलीत बसवायचं होतं, म्हणून दोघे कॅमेरा उचलून तिकडे गेले. चौकट बाजेवर राहिली, शेजारी खडू.

टाकाचा दोरा बांधता बांधता इंदिराबाईंनी फुलीकडे पाहिलं. पाटीवर नवं लिहिलं की जुनं जातं. पदराच्या टोकाने त्यांनी फुली पुसली, चौकट उलटी केली आणि दुसऱ्या बाजूवर तशीच फुली ओढली. मग जाऊन खुर्चीत ताठ बसल्या.

रामाजींनी फुली पाहून चौकट लावली. “हलू नको. एक, दोन, तीन. झालं.”

“तिले सहा अन् मले तीनच?”

“बाई, जवळून घेतला की जास्त मोजा लागते,” बाबुलाल म्हणाला.

“हो ना. जवळूनच घेतला तिले.”

रामाजी हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

तिसऱ्या दिवशी ते फोटो घेऊन आले. एकच होता. दुसरी काच कोरी निघाली होती.

इंदिराबाईंनी तो हातात घेतला. खुर्चीवर त्या होत्याच, ताठ, अंबाडा नीट. पण त्यांच्या अंगावर डोक्यापासून मांडीपर्यंत चांदीची बाई उभी होती, त्यांच्याएवढी, त्यांच्याहून ठळक. त्यांच्या कपाळातून तिचे दोन डोळे बाहेर पाहत होते.

“बाबुलाल म्हणे चूक झाली, फेका. मी म्हटलं, फेकू काऊन?” रामाजी बैठकीच्या भिंतीवर खिळ्याची जागा शोधत होते. “दोघी एका फोटोत. ठरवून मले कधी जमलं असतं का हे?”

इंदिराबाई चहा ठेवायला आत गेल्या.

रामाजींनी पाचवा धडा पुरा केला आणि पुढची सात वर्षं रामाळा तलावावरच्या बगळ्यांचे फोटो काढले. चांगले यायचे. १९६३ साली ते गेले. बाबुलालने पुढे स्टुडिओ मोडला, जुन्या काचा गरम पाण्यात धुतल्या आणि देवांच्या तसबिरींना बसवून विकल्या. इंदिराबाई १९७९ पर्यंत होत्या. वरोऱ्याला नातवाच्या लग्नात त्यांनी फोटोवाल्याला थांबवून, लेकीसुनांना बाजूला सारून, एकटीचा फोटो काढून घेतला होता. तेराव्याच्या दिवशी तो कोणाला सापडला नाही. मुलाने बैठकीतलाच खाली उतरवला, पुसला आणि हार घातला. दोघींत एकच.