ब तुकडीतली लागण

ब तुकडीच्या कपाटामागे यंत्र सापडलं आणि शाळेत संशोधन करणाऱ्या सेन्सरताईनं आधी वर्गाचं दार लोटून घेतलं.

यंत्र तसं छोटंसं होतं. कुंडीत दोन खिळे रोवलेले, खिळ्यांना वायरी, आणि वायरींच्या टोकाला मोडक्या खेळण्यातून काढलेलं सर्किट, सेल आणि लाल दिवा. दिवा लागलेला होता.

"कुंडीला तहान लागली की लागतो," वर्गाची मॉनिटर म्हणाली. तिला सगळे टाचणी म्हणत.

सेन्सरताईनं कुंडीत बोट घातलं. माती कोरडीठाक होती.

तिचं संशोधन साधं होतं. अ तुकडीला वर्षभर टॅब्लेट, सेन्सर आणि एक चाकांवरचा रोबो. ब तुकडीला नुसता फळा. वर्षाअखेर दोन्हीकडे विचारायचं, मोठेपणी विज्ञानात कुणाला जायचंय. अ तुकडीत हात जास्त वर आले तर निधी पुढे चालू. दोन्हीकडे सारखेच आले तर यंत्रांचा उपयोग शून्य, निधी बंद, सेन्सरताई घरी. आणि निधी देणाऱ्या समितीचे साहेब तेच विचारायला आत्ता शेजारच्या अ तुकडीत होते. मधली भिंत प्लायवूडची. साहेबांचं हसणं इकडे स्वच्छ ऐकू येत होतं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही, ताई. भिंतीला कान असतात म्हणे. आम्ही आमचेपण लावले."

"सगळ्यांनी?"

"आळीपाळीनं. बनवलं मात्र घुमीनं. ती बोलत नाही, करून मोकळी होते."

शेवटच्या बाकावरच्या घुमीनं मान खाली घातली.

सेन्सरताईनं आवाज शक्य तितका शांत ठेवला, वाईट बातमी द्यायच्या आधी डॉक्टर ठेवतात तसा. "विज्ञान आवडायला लागलंय का कुणाला?"

आधी सगळ्यांनी घुमीकडे पाहिलं. मग एकेक मान हलायला लागली. पार खिडकीपर्यंत हलत गेली.

"कधीपासून?"

"पहिल्या चाचणीनंतर."

"घरी आणखी कुणाला?"

"माझ्या धाकट्या बहिणीला लागलंय थोडं," एकजण म्हणाला. "आई म्हणते, जाईल आपोआप."

फळ्यापाशी उभे असलेले वर्गशिक्षक कपाळाचा घाम पुसायला लागले. रुमाल समजून डस्टरनं. "मॅडम, माझ्या बाजूनं काही कमी पडलेलं नाही," ते म्हणाले. "जन्मभर जसं शिकवत आलो तसंच शिकवलं. कुणाला गोडी म्हणून लागू दिली नाही."

"तुमच्यावर शंका नाही, सर."

"ते वर कळवताना लिहा फक्त."

भिंतीपलीकडे टाळ्या वाजल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ताई," टाचणीनं विचारलं, "आम्ही हात वर केले तर काय होईल?"

"फरक दिसणार नाही. सगळी यंत्रं परत जातील."

"आणि तुम्ही?"

"मीपण."

"आणि नाही केले तर?"

"तर पुढच्या वर्षी तुम्हालाही यंत्रं मिळतील."

टाचणीनं हे मनात दोनदा फिरवून बघितलं. "म्हणजे हवं म्हटलं की जाणार आणि नको म्हटलं की मिळणार."

"तसं नाही गं," सेन्सरताई म्हणाली आणि थांबली. तसंच होतं. मुलांना खोटं बोला म्हणायला तिची जीभ रेटेना. खरं बोला म्हणायलाही रेटेना. तेवढ्यात बाहेर बूट वाजले. तिनं घाईघाईनं कपाट मागे ढकललं, तर कपाटाच्या कडेनं लाल उजेड भिंतीवर सांडला. वर्गशिक्षक दोन पावलं सरकले आणि त्या उजेडासमोर उभे राहिले. त्यांचा एक कान लाल दिसायला लागला.

साहेब खुशीत आत आले. "तिकडे तर धमाल आहे, मॅडम. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर. एकानं तर दोन्ही केले." मग मुलांकडे वळून म्हणाले, "बसा, बसा."

कुणी उठलंच नव्हतं.

"उत्साह नाही हो यांना, साहेब," वर्गशिक्षक म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"हं. तर मुलांनो, मोठेपणी विज्ञानात कुणाला जायचंय?"

सेन्सरताईनं डोळे गच्च मिटले. पोरांना विज्ञानाची ओढ लागावी म्हणून वर्षभर जिवाचं रान केलेली ती बाई आता मनातल्या मनात हात जोडत होती, की या वर्गात कुणालाच काही व्हावंसं वाटू नये. बाकं कुरकुरली. मग तीही थांबली.

"कुणालाच नाही?"

"नाही, सर," टाचणीचा आवाज आला. "आम्हाला कंटाळा येतो."

"उत्तम," साहेब म्हणाले. "फरक अगदी डोळ्यांत भरतो. मॅडम, पुढच्या वर्षाची काळजी सोडा." दारातून वळून त्यांनी वर्गशिक्षकांकडे पाहिलं. "सर, तेवढं कानाचं दाखवून घ्या कुणाला तरी."

बुटांचा आवाज व्हरांड्यातून लांब गेला. सेन्सरताईनं डोळे उघडले.

साहेब गेले तरी वर्ग हलला नव्हता. मुलं ताठ बसली होती, फोटोला बसल्यासारखी, आणि एकालाही हात नव्हते. तिनं बाकाखाली वाकून बघितलं. पोरं आपापल्या हातांवर बसली होती.

शेवटच्या बाकावर घुमी होती. तिच्या उजव्या हातावर आणखी दोघीजणी बसल्या होत्या.