रांगेतली शेवटची सायकल

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या संध्याकाळच्या सायकल राईडचा नियम एकच: पुढच्यानं हात खाली करून खड्डा दाखवला, की आपणही मागच्याला दाखवायचा. असाच खड्डा दाखवताना गेल्या वर्षी धम्मदीना पडली, मनगट मोडलं. तेव्हापासून ती रांगेत शेवटीच राहायची, म्हणजे मागे कुणी नाही, हँडल सोडायला नको. आज मात्र ग्रुपमध्ये नवी आलेली सुरुची दमून तिच्याही मागे पडली. "दीदी, पुढचं काही दिसत नाहीये. तुमच्याच भरोशावर आहे." "मी आहे ना," धम्मदीना बोलून गेली. तेवढ्यात सर्वांत पुढच्याचा हात खाली गेला. मग त्याच्या मागच्याचा, मग त्याच्याही मागच्याचा. खड्डा तिच्याकडे येत होता. हँडलवरची बोटं आवळली. तिनं ती एकेक करून सोडवली, हात खाली नेला. सायकल हेलकावली, सरळ झाली. "बच गई, दीदी," खड्डा चुकवून आलेल्या सुरुचीचा मागून आवाज आला. धम्मदीनानं हात हँडलवर ठेवला, पुढचा खड्डा येईपर्यंत.