तबेला गल्लीचा पुतळा

सोफ्याच्या हातावर मांड ठोकून जॉकीकाकांनी लगाम आवळल्यासारख्या मुठी छातीशी आणल्या. "हे असं. शेवटच्या वळणावर मी अस्सा होतो. काढा चित्र."

"पडाल," काकू आतून म्हणाल्या.

"उधळल्या घोड्यावरून पडलो नाही, तो सोफ्यावरून पडेन?"

शिल्पकार बाई हसल्या आणि कागदावर पेन्सिल फिरवू लागल्या. रेसकोर्स मोडून तिथे इमारती उभ्या राहिल्या, त्याला जमाना लोटला होता. आता शेजारच्या तबेला गल्लीने ठरवलं होतं, त्या दिवसांची आठवण म्हणून गल्लीच्या तोंडाशी एक पुतळा बसवायचा. मोठी शर्यत मारणारा काजळ्या घोडा याच गल्लीतला आणि त्याचा जॉकीही इथलाच. मग पुतळा कुणाचा, हे विचारायला कशाला हवं? काकांनी विचारलंच नाही.

"काजळ्याचा स्वभाव कसा होता?" बाईंनी विचारलं.

"जमदग्नी! तबेल्यातली माणसं त्याच्यापुढे चळाचळा कापायची. त्यात शर्यतीच्या तोंडावर पुढचा पाय दुखावला. डॉक्टरांनी हात टेकले. पण मी मैदानात उतरलो आणि..." काकांनी हवेत चाबूक ओढला.

"पण पाय बरा कसा झाला?"

"चालवून चालवून. ही न्यायची त्याला रोज पहाटे गल्लीतून. हिला कधी चावला नाही, का ते त्यालाच ठाऊक. ते राहू द्या, शर्यतीचं ऐका."

शर्यत ऐकताना बाईंची पेन्सिल थांबली होती. काकू चहा घेऊन आल्या, तशी ती पुन्हा सुरू झाली.

"काकू, चालताना तो मान कशी धरायचा हो?"

"खाली. माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून चालायचा मेला."

"पुतळ्यात मान वरच हवी!" काका गरजले. "जिंकलेला घोडा मान खाली घालतो होय?"

बाईंनी मान डोलावली आणि चहाचा कप उचलला.

पुढे काम सुरू झालं. बाईंनी कारखान्याचं दार कुणालाही उघडलं नाही. काकांनीही आग्रह धरला नाही. स्वतःचा चेहरा कसा आहे, ते त्यांना माहीत होतं.

उद्घाटनाच्या सकाळी ते गल्लीतल्या न्हाव्याकडे दाढीला बसले. न्हावी काजळ्याच्या काळापासूनचा.

"तुला आठवते ना रे ती शर्यत?"

"कुठली आठवणार, काका? आम्ही भिंतीबाहेर. आत कोण सोडतंय गल्लीतल्या माणसांना? नुसता गलका कानावर यायचा."

"म्हणून तर पुतळा हवा. तेव्हा हुकलं ते आता डोळे भरून बघा."

न्हाव्याने वस्तरा पुसला. "काकूंना आणाल ना?"

"तिला गर्दी सोसत नाही."

"आणाच," न्हावी म्हणाला, आणि दुसऱ्या गालाला साबण लावू लागला.

काकांनी जुना रेसचा सदरा चढवला. पोटावरची बटणं कुरकुरली, पण लागली. गल्लीच्या तोंडाशी मुंगीलाही वाट मिळू नये एवढी गर्दी जमली होती. काकू सगळ्यांच्या मागे, बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या. काका मात्र थेट पुढे जाऊन छाती काढून उभे राहिले. चार शब्द बोलायला सांगतील, म्हणून त्यांनी घसा खाकरून ठेवला.

दोरी ओढायचा मान गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईचा, नालबंदाच्या बायकोचा होता. तिने डोळे पुसले आणि दोरी ओढली.

कापड घसरलं. ब्राँझचा काजळ्या मान खाली घालून सावकाश चालत होता. पाठीवर खोगीर नव्हतं, स्वारही नव्हता. बाजूला, हातात दोर धरून, डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण बाई चालत होती. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि सगळी गल्ली काकांकडे पाठ करून दुकानाच्या पायरीकडे वळली.