खेळती हवा

दारूच्या दुकानदारांनाही वाईन बनवून विकता येईल असा कायदा आला, आणि मी दुकानामागच्या खोलीत पिंपं मांडली. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "खिडकी उघडी ठेवा. द्राक्षं आंबताना जीवघेणा वायू साचतो."

ते मला कुणी सांगायला नको होतं. याच खोलीत बाबा चोरून वाईन करायचे. वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी लावून फटींत चिंध्या कोंबायचे. एका दुपारी आत गेले ते परत आलेच नाहीत.

आता रोज रात्री मी खिडकी उघडी ठेवून खोलीला कुलूप लावतो; सकाळी काढतो, तर खिडकी आतून बंद आणि फटींत चिंध्या! शेवटी आईलाच विचारलं.



ती म्हणाली, "अरे, कायदा बदललाय हे त्यांना कुठे माहीत?"